धंदा कोणता? : कत्तलखान्यांतील ज्वरांची कथा

इटली देशांतील मोडेना शहरीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नांवाचे एक वैद्य राहत असत. एकदां त्यांच्या राहत्या घराचा शौचकूप उपसण्याचें काम चाललें होतें. त्या अंधाऱ्या जागीं उतरलेला मजूर जिवाच्या आकांतानें घाई करीत आहे असें पाहून वैद्यांना दया आली, आणि इतकें दमून जाण्याऐवजीं सावकाश काम कां करीत नाहींस, असें त्यांनीं त्याला विचारलें. मजुरानें मान वर करून सांगितलें कीं, या जागीं चार तासांहून अधिक वेळ राहणें म्हणजे आंधळें होणेंच आहे. तो वर आला तेव्हां त्याचे डोळे लाल व निस्तेज झालेले वैद्यांनीं पाहिले. यावर उपाय काय करतोस, असें विचारतां, घरीं जाऊन अंधाऱ्या खोलींत पडून राहावयाचें आणि कोमट पाण्यानें डोळे धूत राहावयाचें, एवढेंच त्याला ठाऊक होतें.

त्या मजुराचें उत्तर रामाझ्झिनी विसरले नाहींत. १७०० सालीं त्यांनीं कारागिरांच्या व मजुरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला कोणते प्रश्न विचारावे याची परंपरा हिप्पोक्रातीस या ग्रीक वैद्यापासून चालत आली होती. त्या प्रश्नांत आणखी एकाची भर घालावी, असें रामाझ्झिनी यांनीं सुचविलें. तो प्रश्न म्हणजे रोग्याचा धंदा कोणता?

प्रश्न दिसावयास किती साधा आहे! परंतु तो वेळीं न विचारल्यामुळें माणसें दगावलीं आहेत, आणि विचारल्यामुळें रोगाचें मूळ हातीं लागलें आहे. कत्तलखान्यांत राबणाऱ्या कामगारांना जनावरांपासून जडणाऱ्या ज्वरांचा इतिहास हें याचें मोठें बोलकें उदाहरण होय.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचा कत्तलखान्याशीं प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो. मांसाहारी घरांत मांस येतें तें तोललेलें आणि बांधलेलें. शाकाहारी घराला तर त्या वास्तूचें नांवहि नकोसें वाटतें. तथापि पायांतील वहाण, औषधाच्या कॅप्सूलचें जिलेटिनचें वेष्टण आणि पूर्वीच्या काळीं मधुमेही रोग्यास टोचलें जाणारें, गाईडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलें इन्सुलिन, या सर्वांचा उगम तेथलाच. तेव्हां आपला त्या जागेशीं कांहीं संबंध नाहीं, असें कोणत्याहि घराला म्हणतां येणार नाहीं. अशा ठिकाणीं निरनिराळ्या गांवांचीं जनावरें दररोज एकत्र येतात. त्यांचा श्वास, मूत्र, रक्त, अंगावरच्या गोचिडी, सर्व कांहीं प्रथम कामगाराच्या वांट्याला येतें. जनावरांत एखादा नवा रोग उत्पन्न झाला असेल तर त्याची पहिली झळ त्यालाच लागते.

या इतिहासांतील एक महत्त्वाचें प्रकरण ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं घडलें. या शहराच्या कॅनन हिल भागांत एक मोठा कत्तलखाना होता. तेथील कामगारांना एक विचित्र ताप येऊं लागला. डोकें असह्य दुखे, अंग मोडून येई, अन्नावरची वासना जाई, आणि ताप कधीं आठवडाभर तर कधीं तीन आठवड्यांहूनहि अधिक टिके. १९३५ च्या ऑगस्ट महिन्यांत क्वीन्सलँड प्रांताच्या आरोग्य खात्याचे प्रमुख राफाएल सिलेंटो यांनीं या तापाचा तपास डॉ. एडवर्ड होलब्रुक डेरिक यांच्याकडे सोंपविला. डेरिक हे सरकारी प्रयोगशाळेचे नुकतेच नेमलेले प्रमुख होते.

डेरिक यांनीं प्रथम ओळखीच्या सर्व तापांचा पडताळा घेतला. विषमज्वर नव्हता, टायफस नव्हता, गुरांपासून येणारा ब्रुसेला जंतूंचा तापहि नव्हता. रक्तांतून कोणताहि जंतु वाढेना. मग त्यांनीं रोग्यांचें रक्त गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांना टोचलें. त्यांना ताप आला. त्या तापांतून उठलेल्या गिनीपिगांना दुसऱ्या रोग्याचें रक्त टोचलें, तर ताप येईना. यावरून सर्व कामगारांचा रोग एकच आहे आणि तो नवा आहे, हें सिद्ध झालें. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र कांहींच दिसेना. तेव्हां हा एखादा विषाणु असावा, अशी त्यांना शंका आली. त्यांनीं रोगी गिनीपिगाच्या यकृताचा अंश मेलबर्न येथील मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे पाठविला. हेच बर्नेट पुढें १९६० सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. बर्नेट आणि त्यांच्या सहकारी मेव्हिस फ्रीमन यांना त्यांत अत्यंत बारीक असे रिकेट्सिया जातीचे जंतु आढळले. म्हणजे शास्त्राच्या काटेकोर भाषेंत हा विषाणु नव्हे. परंतु ज्या मार्गानें त्याचा शोध लागला, तोच मार्ग पुढें विषाणूंच्या शोधांतहि उपयोगी पडला.

रोग सांपडला, पण त्याला नांव काय द्यावें? येथें एक मोठी मौजेची अडचण उभी राहिली. ‘कत्तलखान्याचा ताप’ म्हणावें, तर गुरांच्या व मांसाच्या व्यापाराला बट्टा लागेल. क्वीन्सलँडचें नांव जोडावें, तर प्रांताची अपकीर्ति होईल. नांव देणें आणि नांवें ठेवणें यांत किती थोडें अंतर असतें, तें येथें दिसून आलें. अखेर १९३७ सालीं आपल्या नऊ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध करतांना डेरिक यांनीं ‘क्यू’ एवढेंच अक्षर घेतलें. हा ‘क्यू’ म्हणजे इंग्रजींतील ‘क्वेरी’, अर्थात् पृच्छा. उत्तर पुरतें मिळेपर्यंत रोगाचें नांवच प्रश्न असावें, हा त्यांतील भाव. अनेकांना मात्र तें क्वीन्सलँडचेंच आद्याक्षर वाटत राहिलें! पुढें २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें नव्या रोगांना स्थळांचीं, माणसांचीं, जनावरांचीं किंवा धंद्यांचीं नांवें देऊं नयेत, असें सुचविलें. डेरिक यांनीं तें पथ्य अठ्ठ्याहत्तर वर्षें आधींच पाळलें होतें.

त्याच सुमारास अमेरिकेंतील मोंटाना संस्थानांत गोचिडींवर संशोधन करणाऱ्यांना एक अपरिचित जंतु सांपडला होता. हेराल्ड कॉक्स हे त्याचा अभ्यास करीत असतां १९३८ सालीं डायर नांवाचे एक अधिकारी प्रयोगशाळा पाहावयास आले, आणि थोड्याच दिवसांत तापानें आजारी पडले. त्यांच्या रक्तांत तोच जंतु निघाला, आणि तो ब्रिस्बेनच्या जंतूशीं जुळला. दोन खंडांतील दोन शोध असे एका माणसाच्या आजारानें जोडले गेले. स्वतः बर्नेट यांनाहि ही लागण झाली होती. रोगाचा शोध करणारा विद्वान् आणि गुरें कापणारा मजूर, हे त्या जंतूपुढें एकाच पायरीवर उभे होते. पुढें कॉक्स व बर्नेट या दोघांचीं नांवें त्या जंतूला मिळालीं. ज्यांच्या रक्तांतून तो सांपडला त्या कामगारांचीं नांवें मात्र कोणाला माहीत नाहींत.

या जंतूची रीत अशी कीं, तो गाय, शेळी, मेंढी यांच्या वारेंत व गर्भजलांत विपुल असतो, वाळल्यावरहि मरत नाहीं, आणि धुळीबरोबर श्वासावाटे आंत जातो. त्यामुळें ज्यानें सुरी हातांत धरली नाहीं अशा झाडूवाल्यालाहि तो गांठतो. कामगाराचा निष्काळजीपणा हें कारण सांगून येथें सुटका होत नाहीं. ऑस्ट्रेलियांत या रोगावर लस तयार झाली, कत्तलखान्यांतील कामगारांवरच तिची परीक्षा झाली, आणि १९८९ सालीं ती वापरास मंजूर झाली. २००१ सालीं तेथील सरकारनें कत्तलखान्यांतील कामगारांना व पुढें मेंढपाळादि इतरांना ती टोचण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. पहिल्या तपासापासून या योजनेपर्यंत सहासष्ट वर्षें गेलीं. पण प्रश्न विचारला गेला, आणि त्याचें उत्तरहि मिळालें.

आतां खऱ्या विषाणूंकडे वळूं. दक्षिण आफ्रिकेंतील औट्सहोर्न हें गांव शहामृगांच्या पैदाशीसाठीं प्रसिद्ध आहे. १९९६ सालीं तेथील शहामृगांच्या कत्तलखान्यांत १७ कामगारांना क्रिमियन-काँगो नांवाचा रक्तस्रावी ज्वर झाला. हा रोग १९४४ सालीं क्रिमियांत सोव्हिएत सैनिकांत प्रथम ध्यानीं आला. १९५६ सालीं आफ्रिकेंतील काँगोंत तसाच विषाणु सांपडला. आणि दोन्ही एकच असल्याचें १९६९ सालीं ठरलें. या विषाणूचें कपट असें कीं, ज्या गुराच्या अथवा पक्ष्याच्या अंगीं तो असतो तें जनावर धडधाकट दिसतें. कांहीं दिवस विषाणु रक्तांत फिरतो व निघून जातो. पशुवैद्यानें कितीहि निरखून पाहिलें तरी त्याला दोष सांपडत नाहीं. त्या कांहीं दिवसांत जनावर कापलें गेलें, किंवा कातडें सोलतांना एखादी गोचीड उघड्या हातानें चिरडली गेली, तर घात होतो. उपाय निघाला तो महागडा नव्हता. कापण्यापूर्वीं पक्ष्यांना चौदा दिवस गोचिडींपासून मुक्त अशा जागीं ठेवावें, म्हणजे रक्तांतील विषाणु आपोआप नाहींसा होतो. चौदा दिवसांचा चारा एवढीच काय ती त्या कामगारांच्या जिवाची किंमत.

परंतु धंद्याचा प्रश्न न विचारण्याचें मोल केवढें असूं शकतें, हें कळण्यासाठीं मलेशियांत जावें लागेल. १९९८ च्या सप्टेंबरांत त्या देशांतील इपोह शहराच्या परिसरांत मेंदूच्या दाहाचे रोगी येऊं लागले. ताप, डोकेदुखी, ग्लानि, बेशुद्धि आणि कित्येकांचा मृत्यु, असा क्रम होता. त्या भागांत जपानी मेंदूज्वर परिचयाचा होता. तो डासांनीं पसरतो व डुकरांत वाढतो; आणि येथें तर डुकरांचे गोठे जवळच होते. तेव्हां निदान झालें, डास मारण्यासाठीं धुराची फवारणी झाली, लोकांना लसहि टोचली गेली. पण रोग हटेना. वर्षअखेरीस तो दक्षिणेकडील नेगेरी सेंबिलान प्रांतांतील मोठ्या वराहपालन केंद्रांत पोंचला.

निदानाशीं न जुळणाऱ्या गोष्टी डोळ्यांपुढेंच होत्या. जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो. येथें रोगी होते प्रौढ, कमावते पुरुष. लस घेतलेलींहि माणसें आजारी पडत होतीं. डास घराघरांत शिरतो, तो कोणाचा धर्म वा धंदा विचारीत नाहीं. पण येथें डुकरें पाळणारे चिनी शेतकरी व त्यांचे मजूर आजारी पडत, आणि शेजारीं राहणारे, डुकराला न शिवणारे मलायी मुसलमान सुरक्षित राहत. शिवाय डुकरेंहि आजारी होतीं. त्यांना मोठ्यानें भुंकल्यासारखा खोकला येई. जपानी मेंदूज्वरांत असें होत नाहीं. ‘रोग्याचा धंदा कोणता?’ या एका प्रश्नाच्या उत्तरांत अर्धें निदान होतें. परंतु आधीं ठरलेल्या निदानाच्या छायेंत त्या उत्तराकडे पुरेसें लक्ष गेलें नाहीं, आणि महिने लोटले.

१९९९ च्या मार्च महिन्यांत मलाया विद्यापीठांतील डॉ. चुआ काव बिंग यांना रोग्यांच्या मेंदूभोवतालच्या द्रवांतून एक वेगळाच विषाणु वाढतांना दिसला. तो घेऊन ते अमेरिकेंत गेले. तेथील तपासणींत तो हेंड्रा विषाणूचा सख्खा भाऊबंद ठरला. हें हेंड्रा म्हणजे पुन्हां ब्रिस्बेनचेंच एक उपनगर! तेथें १९९४ सालीं शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत हा विषाणु शिरला होता, आणि अनेक घोड्यांसह त्यांना तालीम देणाराहि मरण पावला होता. मलेशियांतील नव्या विषाणूला ‘निपाह’ हें नांव मिळालें तें सुंगाई निपाह या गांवावरून. व्यापाराला व प्रांताला जपण्याची जी काळजी ब्रिस्बेनला घेतली गेली, ती या गांवाच्या वांट्याला आली नाहीं. मलेशियांत २६५ माणसें आजारी पडलीं व १०५ मरण पावलीं. दहा लाखांहून अधिक डुकरें मारण्यांत आलीं. सुक्याबरोबर ओलेंहि जळालें, आणि हजारों कुटुंबांचा चरितार्थ गेला. हा विषाणु मूळचा फळें खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचा. डुकरांच्या वाड्यांना लागून फळबागा होत्या. वटवाघळांनीं उष्टावलेलीं फळें खालीं पडत व डुकरें तीं खात, असा तर्क आहे.

मलेशियाचीं डुकरें कापण्यासाठीं सिंगापूरला जात. ३ मार्च १९९९ रोजीं सिंगापूरनें रोगग्रस्त प्रांतांतील डुकरें आणण्यास बंदी केली. तरीहि १० ते १९ मार्चच्या दरम्यान तेथील दोन कत्तलखान्यांपैकीं एकांतील ११ कामगार आजारी पडले. आठांना मेंदूचा दाह झाला होता, तर तिघे फुफ्फुसदाहाच्या लक्षणांनीं आले होते. एक मरण पावला. निरनिराळीं लक्षणें दाखविणाऱ्या या रोग्यांना जोडणारा धागा एकच होता, तो म्हणजे त्यांचा धंदा. १९ मार्च रोजीं मलेशियांतून येणाऱ्या सर्वच डुकरांना बंदी झाली आणि तो कत्तलखाना बंद करण्यांत आला. रोग तेथेंच थांबला.

पुढें तेथील शास्त्रज्ञांनीं त्या कामगारांना त्यांच्या कामाचा तपशील विचारला. रक्ततपासणींत लागण झालेले १३ जण निघाले. आणि त्या तेराहिजणांचा जिवंत डुकरांशीं संबंध येत असे. लागण न झालेल्या ज्या ४१ कामगारांशीं त्यांची तुलना केली, त्यांत असे २६ होते. सामान्य समजूत अशी कीं, धोका सुरी चालविणाऱ्याला, रक्तांत हात घालणाऱ्याला. उत्तर निराळें आलें. मोठा धोका होता जिवंत जनावर हांकणाऱ्याला, धरणाऱ्याला व त्याच्या श्वासाच्या टप्प्यांत उभें राहणाऱ्याला. आणि विशेष असें कीं, फेब्रुवारी-मार्चमध्यें तेथें आलेल्या डुकरांत कोणतेंहि लक्षांत येण्याजोगें दुखणें कळविलें गेलें नव्हतें. डुकरांवरून जें कळलें नाहीं तें माणसांच्या आजारानें कळलें.

हे सर्व दूरदेशींचे प्रकार आहेत, असें समजून स्वस्थ बसण्याजोगी परिस्थिति आपल्याकडेहि नाहीं. २०११ च्या जानेवारींत गुजरातेंत अहमदाबादजवळ साणंद भागांत क्रिमियन-काँगो ज्वराचा उद्रेक झाला. एका स्त्रीबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व शुश्रूषा करणारी परिचारिकाहि बळी पडली. निदान झालें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंत. आणि आसपासच्या गुराढोरांच्या रक्तांत त्या विषाणूच्या पूर्वीच्या लागणीच्या खुणा आढळल्या. हींच गुरें व हेंच गोचीड शेतकरी, गवळी आणि खाटीक यांच्या नित्य सहवासांत असतात. निपाहचा विषाणु पश्चिम बंगालमध्यें सिलिगुडी येथें २००१ सालीं व केरळांत कोळिकोड येथें २०१८ सालीं माणसांत दिसला. महाबळेश्वरच्या गुहांतील वटवाघळांत त्याचा मागमूस लागल्याचें पुण्याच्याच संस्थेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. तेथें कोणी माणूस त्यानें आजारी पडला नव्हता. तरी माग ठेवणें किती आवश्यक आहे, हें त्यावरून कळतें.

माग ठेवला तर काय साधतें, याचेंहि एक उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत एच ५ एन १ हा इन्फ्लुएंझाचा विषाणु भारतांत प्रथमच आढळला. हांगकाँगमध्यें १९९७ सालीं याच जातीच्या विषाणूनें १८ माणसांना गांठून ६ जणांचा बळी घेतला होता. नवापूरला कोंबड्या मारण्याचें काम करणाऱ्यांना संरक्षक पोशाख व औषध देण्यांत आलें, आणि संशयितांचे नमुने तपासले गेले. त्या वेळीं एकाहि माणसाला लागण झाल्याचें आढळलें नाहीं.

या सर्व कथांत एक सूत्र आहे. कत्तलखान्यांतील कामगार हा समाजाच्या वेशीवरचा पहारेकरी आहे. पण तो पहारेकरी आहे हें त्यालाहि कोणी सांगितलेलें नसतें. हातमोजे, मुखवस्त्र, भरपूर पाणी, गोचिडींचा बंदोबस्त, जनावरांची तपासणी, जेथें लस आहे तेथें लस, हीं साधनें सर्वांना ठाऊक आहेत. त्याहून एक साधन मोठें आहे. दोन दिवस ताप आला असतां मजुरी न बुडतां घरीं राहतां यावें, आणि दवाखान्यांत गेल्यावर धंदा सांगण्याची लाज वाटूं नये. ज्याची रोजी बुडते तो ताप लपवितो. ज्याच्या धंद्याला नांवें ठेवलीं जातात तो धंदा लपवितो. मग डॉक्टरनें प्रश्न विचारला तरी त्याला खरें उत्तर मिळणार कसें?

जात्यांतले रडतात आणि सुपांतले हंसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. मलेशियांत जातें आणि सूप यांतील अंतर फार थोडें ठरलें. साणंदला तें डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत येऊन पोंचलें. मोडेनाच्या त्या वैद्यांना शौचकूपांतील माणसाशीं बोलण्याची गरज नव्हती. काम उरकलें, पैसे दिले, एवढ्यावर त्यांना थांबतां आलें असतें. ते कूपाच्या कांठावर थांबले, त्यांनीं विचारलें आणि उत्तर पुरतें ऐकून घेतलें. श्रमाच्या रोगांचें शास्त्र त्यांतून उभें राहिलें. तो प्रश्न आज प्रत्येक दवाखान्याच्या कागदावर छापलेला असतो. त्या रकान्यांत जें लिहिलें जातें तें वाचण्याचें काम मात्र अजून पुष्कळ ठिकाणीं व्हावयाचें आहे.